पुण्याचा खासदार नेमका कुणाचा? पुणे लोकसभा मतदारसंघाची गोष्ट, सोप्या भाषेत

2024 च्या लोकसभेला हडपसरच्या एका मित्राने मला विचारलं होतं, अरे मी पुणे महापालिकेला टॅक्स भरतो, गणपती बघायला लक्ष्मी रोडला येतो, पत्त्यात पुणे लिहितो, मग माझ्या मशीनवर पुण्याचे उमेदवार मोहोळ आणि धंगेकर यांची नावं का नव्हती? त्याच्या मशीनवर होते अमोल कोल्हे आणि आढळराव पाटील. त्याची बहीण धायरीला राहते, तिने सुप्रिया सुळे की सुनेत्रा पवार यातून निवडलं, आणि मामा चिंचवडला, त्यांच्याकडे श्रीरंग बारणे. एकाच घरातली माणसं, सगळी स्वतःला पुणेकर म्हणवणारी, आणि एकालाही पुण्याच्या खासदारासाठी मत देता आलं नाही.

तर आधी हा नकाशा समजून घेऊ, कारण तो डोक्यात नसेल तर पुढचा सगळा इतिहास वरवरचा वाटतो. पुणे जिल्ह्यात लोकसभेच्या चार जागा मोडतात: पुणे, बारामती, शिरूर आणि मावळ. महाराष्ट्रात एक लोकसभा म्हणजे सहा विधानसभा मतदारसंघांची बेरीज, पुणे लोकसभेत ते सहा म्हणजे कसबा पेठ, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि वडगाव शेरी. बास. हडपसर शिरूरमध्ये जातं, खडकवासला (म्हणजे सिंहगड रोड, धायरी, वारजे वगैरे बराच भाग) बारामतीत, आणि पिंपरी व चिंचवड मावळात, जो घाट उतरून थेट पनवेल-उरणपर्यंत जातो. त्यामुळे टीव्हीवर "पुण्याचा कौल" म्हणतात तेव्हा तो अर्ध्यामुर्ध्या शहराचाच कौल असतो हे मनात ठेवा.

हे असं का? कारण महापालिकेची हद्द आणि लोकसभेची हद्द आखणारे वेगळे, आखायची कारणंही वेगळी. शहर वाढलं की महापालिका गावं पोटात घेते, लोकसभेची हद्द मात्र देशपातळीवर आयोग नेमून लोकसंख्येच्या हिशोबाने ठरते, त्याला परिसीमन म्हणतात, आणि ते फार क्वचित होतं. सध्याच्या हद्दी 2001 च्या जनगणनेवर आखल्या आणि 2009 च्या निवडणुकीपासून लागू झाल्या. त्याच्या आधी पुणे लोकसभेत भवानी पेठ आणि बोपोडी असे दोन विधानसभा मतदारसंघ होते, ते पुसले गेले आणि त्यांच्याजागी कोथरूड आणि वडगाव शेरी आले. आपण सगळे "कोणाची लाट होती" यावर तासन्‌तास बोलतो पण पायाखालची जमीनच बदलली हे फारसं कोणी बोलत नाही, ते आपण पुढे बघूच.

आता इतिहास. मी मुद्दाम चिन्हांसकट सांगणार आहे, कारण आपल्या आजीआजोबांनी नाव वाचून नाही तर चिन्ह बघून मत दिलंय. आणि 1952 ला तर मतपत्रिकेवर शिक्काही मारायचा नव्हता! प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आपण आपला कागद घ्यायचा आणि पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत टाकायचा. 1957 लाही हीच पद्धत होती. शिक्का मारणं नंतर आलं आणि सगळीकडे मशीन 2004 ला.

1952 ला पुण्यातून दोन खासदार गेले, कारण मतदारसंघच दोन होते. पुणे मध्य मधून काकासाहेब गाडगीळ आणि पुणे दक्षिण मधून इंदिराबाई मायदेव, दोघंही काँग्रेसचे, चिन्ह बैलजोडी. काकासाहेब म्हणजे नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातले मोठे मंत्री, बांधकाम, खाणी आणि वीज खातं त्यांच्याकडे होतं, भाक्रा-नांगलच्या कामाशी त्यांचं नाव जोडलेलं. असा माणूस पडेल असं कोणाला स्वप्नातही वाटलं नसेल. आणि इंदिराबाईंचं नाव आज पुण्यात दहा जणांना विचारलंत तर एकाला तरी माहीत असेल का शंका आहे, खरं तर पुण्याने लोकसभेवर पाठवलेली ती पहिली बाई, आणि त्यानंतर आजपर्यंत दुसरी नाही. पुणे दक्षिण हा मतदारसंघ पुढे राहिलाच नाही आणि त्याच्याबरोबर त्यांचं नावही मागे पडलं.

1957 ला जे झालं ते मात्र सावकाश सांगण्यासारखं आहे.

1 नोव्हेंबर 1956 ला मुंबईचं द्विभाषिक राज्य झालं, म्हणजे मराठी आणि गुजराती दोन्ही मुलूख एकत्र. मराठी माणसाला हवा होता मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, त्यासाठी मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली, आणि सगळे विरोधी पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), हिंदू महासभा, रिपब्लिकन परंपरेतले लोक, एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छत्रीखाली आले. पुण्यात समितीने उभं केलं नानासाहेब गोऱ्यांना, म्हणजे ना. ग. गोरे, प्रजा समाजवादी पक्ष, चिन्ह झोपडी. गोरे कोण, तर 1955 च्या मे महिन्यात गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी घेऊन गेलेले, पोर्तुगीजांचा मार खाल्लेले, तिथल्या तुरुंगात पडलेले. तुरुंगातून सुटून आलेला माणूस पुण्यात उभा राहतो तेव्हा प्रचारात वेगळं काही सांगायची गरज पडत नाही. समोर काकासाहेब, ज्यांचं स्वतःचं मन संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूनेच होतं आणि त्यांनी ते लपवलंही नव्हतं, पण तिकीट काँग्रेसचं. लोकांनी माणूस बघितला नाही, बैलजोडी बघितली. काकासाहेब हरले. पुढे ते पंजाबचे राज्यपाल झाले, पण पुण्याने त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवलं नाही.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते आणि पुढचे सगळे निकाल याच चष्म्यातून बघता येतात. पुण्यात काँग्रेसविरोधी मतं कायमच भरपूर होती, 1952 ला सुद्धा होती, पण विखुरलेली. 1957 ला ती पहिल्यांदा एका पेटीत पडली. आपल्याकडची पद्धत अशी आहे की ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला, निम्म्याच्या वर मतं लागतात असं काही नाही. म्हणजे शंभरातली 38 मिळाली तरी चालतात, बाकीची 62 तीन-चार जणांत वाटली गेली की झालं. तर पुण्यात प्रश्न कायम हा राहिलाय की या वेळी फुटलंय कोण.

1960 ला महाराष्ट्र झाला, समितीचं काम संपलं, पक्ष पुन्हा आपापल्या वाटेला. 1962 ला काँग्रेसचे शंकरराव मोरे निवडून आले. हे मोरे मूळचे शेतकरी कामगार पक्षाचे, तो पक्ष काढणाऱ्यांपैकीच एक, नंतर काँग्रेसमध्ये आलेले.

1967 ला आले एसेम. एस. एम. जोशी, संयुक्त समाजवादी पक्ष, चिन्ह झाड. ज्यांनी संयुक्त महाराष्ट्र समितीचा गाडा सरचिटणीस म्हणून ओढला तो माणूस. गांजवे चौकातून गरवारे कॉलेजकडे जाताना नदीवरचा जो पूल लागतो त्याला त्यांचं नाव आहे, रोज हजारो गाड्या जातात. तेव्हा राज्यात बहुतांश जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या आणि पुणे त्यात नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण असं पुण्याने पुन्हा पुन्हा केलंय.

1971 आणि 1977 चा खासदार एकच, मोहन धारिया. पण पक्ष दोन आणि चिन्हं दोन. 1971 ला इंदिरा काँग्रेसची गाय-वासरू आणि 1977 ला जनता पक्षाचा चक्रातला नांगरधारी शेतकरी. मधल्या सहा वर्षांत काय झालं? धारिया इंदिरा गांधींच्या सरकारात राज्यमंत्री होते, नियोजन खातं बघायचे, आणि जयप्रकाश नारायणांचं आंदोलन तापलं तेव्हा ते उघडपणे म्हणाले की त्यांच्याशी बोललं पाहिजे. 1975 च्या मार्चमध्ये मंत्रिपद गेलं. जूनमध्ये आणीबाणी लागली, त्यांनी विरोध केला, तुरुंगात गेले. 1977 ला त्याच पुण्यात, त्याच मतदारांपुढे, ज्या पक्षाकडून गेल्या वेळी मत मागितलं त्याच्याच विरोधात मत मागायला हा माणूस उभा राहिला आणि लोकांनी दिलं. मग मोरारजींच्या मंत्रिमंडळात वाणिज्यमंत्री. पुढे वनराई ही संस्था काढून पाणी-झाडांच्या कामात आयुष्य घातलं. पक्ष बदलणारे आज पैशाला पासरी झालेत, त्यामुळे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं की पक्ष सोडून जिंकण्याचं हे पुण्यातलं उदाहरण मंत्रिपद आणि मोकळीक दोन्ही घालवून मिळवलेलं आहे.

1980, 84, 89 असे तिन्ही वेळा विठ्ठलराव गाडगीळ, काकासाहेबांचे चिरंजीव, काँग्रेस, चिन्ह हात. लागोपाठ तीन वेळा पुण्यातून निवडून आलेला आजपर्यंतचा एकमेव माणूस. दिल्लीत मंत्री, पक्षाचे प्रवक्ते, अभ्यासू, मवाळ बोलणारे. या दहा-बारा वर्षांत "पुणे म्हणजे काँग्रेसचा बालेकिल्ला" हे वाक्य रूढ झालं.

आणि मग 1991. राजीव गांधींची हत्या 21 मे ला झाली, महाराष्ट्रातलं मतदान त्यानंतर जूनमध्ये झालं, सहानुभूतीची लाट होती, राज्यात काँग्रेसने 48 पैकी 38 जागा घेतल्या. अडतीस! त्याच निवडणुकीत पुण्यात विठ्ठलराव पडले आणि भाजपचे अण्णा जोशी निवडून आले. पुण्यातून कमळावर निवडून आलेला पहिला खासदार, काँग्रेसच्या सगळ्यात चांगल्या वर्षात. अण्णा जोशी तेव्हा कसब्याचे आमदार होते, खासदार झाल्यावर कसब्यात पोटनिवडणूक लागली आणि तिथे भाजपने गिरीश बापट नावाच्या तरुण नगरसेवकाला उभं केलं, ते काँग्रेसच्या वसंत थोरातांकडून हरले. म्हणजे काही महिन्यांत त्याच पेठांनी उलट कौल दिला. बापटांचं नाव लक्षात ठेवा.

1996 ला बरोबर उलटं. राज्यात युतीची हवा, शिवसेना-भाजपने मिळून 33 जागा घेतल्या, काँग्रेस 15 वर आली, आणि पुण्यात? पुण्यात काँग्रेसचे सुरेश कलमाडी. हरले कोण, तर तेच गिरीश बापट. राज्याचं वारं एकीकडे आणि पुणे दुसरीकडे, पाच वर्षांत दोन वेळा.

कलमाडींबद्दल पुण्यात आजही दोन माणसं एकमताने बोलत नाहीत. हवाई दलातले पायलट, नंतर डेक्कनवर पूना कॉफी हाउस चालवणारे, युवक काँग्रेसमधून वर आलेले, राज्यसभेवर अनेक वर्षं, रेल्वे राज्यमंत्री. पुणे मॅरेथॉन त्यांची, पुणे फेस्टिवल त्यांचं. 1980 नंतर वाढलेल्या, गाड्या घेतलेल्या, मोठं व्हायचंय असं वाटणाऱ्या पुण्याला जो चेहरा हवा होता तो त्यांनी दिला असं मला वाटतं, आणि शहराचा कारभार एका माणसाभोवती फिरायला लागला तोही याच काळात.

आता 1998, पुण्याच्या इतिहासातली सगळ्यात विचित्र निवडणूक. कलमाडी काँग्रेसमधून बाहेर पडले, पुणे विकास आघाडी काढली आणि अपक्ष म्हणून उभे राहिले, आणि त्यांना पाठिंबा दिला कोणी, तर भाजप-शिवसेनेने! म्हणजे ज्या कार्यकर्त्यांनी दोन वर्षांपूर्वी बापटांसाठी कलमाडींच्या विरोधात घरोघरी स्लिपा वाटल्या त्यांनीच आता कलमाडींसाठी वाटायच्या, आणि मतपत्रिकेवर कमळही नाही, धनुष्यबाणही नाही. कसब्यातल्या किंवा सदाशिव पेठेतल्या जुन्या संघवाल्या मतदाराचा विचार करा, आयुष्यभर जे चिन्ह शोधायची सवय ते कागदावरच नाही, आणि ज्याच्यावर शिक्का मारायचा तो कालपर्यंतचा विरोधक. दुसरीकडे काँग्रेसने हडपसरचे विठ्ठल तुपे उभे केले, मागे शरद पवारांची पूर्ण ताकद, शिवाय रिपब्लिकन आणि समाजवादी पक्षाशी युती. तुपे निवडून आले. या वेळी पुणे राज्याबरोबर गेलं, राज्यातही भाजप-शिवसेना युतीला जेमतेम 10 जागा मिळाल्या.

लगेच पुढच्या वर्षी 1999 ला पुन्हा निवडणूक, आणि मधल्या काळात पवार काँग्रेसमधून बाहेर पडून राष्ट्रवादी निघाली होती. आता फुटायची पाळी काँग्रेसची. पुण्यात काँग्रेसचे मोहन जोशी वेगळे, राष्ट्रवादीचे तुपे वेगळे, हात एकीकडे आणि घड्याळ एकीकडे. मधून भाजपचे प्रदीप रावत निवडून आले. 2004 ला दोन्ही काँग्रेस एकत्र लढल्या, कलमाडी परत काँग्रेसचे उमेदवार, रावत हरले. 1991 पासून 2004 पर्यंतच्या पाच निवडणुका बघा: जोशी, कलमाडी, तुपे, रावत, कलमाडी. दर वेळी पुण्याने चालू खासदार बदलला. या काळात बालेकिल्ला हा शब्द वापरायला कोणालाच जागा नव्हती.

2009 ची निवडणूक मी गणित शिकवायला वापरतो, कारण ती तशीच आहे. आधीची पार्श्वभूमी अशी की 2007 ला महापालिकेत राष्ट्रवादीने शिवसेना आणि भाजपशी हातमिळवणी करून कलमाडींच्या काँग्रेसला सत्तेबाहेर ठेवलं होतं, तोच तो गाजलेला पुणे पॅटर्न. म्हणजे लोकसभेत आघाडी कागदावर, गल्लीत मनं वेगळी. त्यामुळे कलमाडी पडणार असंच वारं होतं. पण समोर काय झालं? भाजपचे अनिल शिरोळे होतेच, मनसेने रणजित शिरोळे दिले, आणि बसपाच्या हत्तीवर बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी उभे राहिले. निकाल आला तेव्हा कलमाडी 2,79,973, अनिल शिरोळे 2,54,272. फरक साधारण 25 हजारांचा. आणि मनसेला मिळाली 75 हजारांच्या वर, बसपाला 60 हजारांच्या वर. आता मनसेची सगळी मतं भाजपचीच होती असं मी म्हणणार नाही, काही दोन्हीकडची असतील, पण ज्या शहरी, मराठी, मध्यमवर्गीय सोसायट्यांतून ती आली तिथला कल बघता त्यातली एक तृतीयांशाहून थोडी जास्त जरी शिरोळेंकडे गेली असती तरी फरक मिटला असता. कलमाडी जिंकले ते जवळपास 38 टक्के मतांवर. आणि मतदान किती झालं होतं? चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे यादीतल्या शंभर लोकांपैकी साठ घरीच बसले, आणि उरलेल्या चाळीसपैकी पंधरा-सोळा जणांनी पुण्याचा खासदार ठरवला. हा आकडा मी जेव्हा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मला खरंच धक्का बसला होता.

नव्या नकाशाची ही पहिली निवडणूक. कोथरूड आणि वडगाव शेरी आत आले होते, जुन्या पेठांचं वजन कमी झालं होतं. त्याचा खरा परिणाम दिसला पाच वर्षांनी.

राष्ट्रकुल स्पर्धा 2010 ला झाल्या, त्यातल्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून 2011 च्या एप्रिलमध्ये कलमाडींना अटक झाली, पक्षाने निलंबित केलं. 2014 ला काँग्रेसने विश्वजित कदमांना उभं केलं आणि समोर परत अनिल शिरोळे. मोदी लाट तर होतीच, पण आकडा बघा: शिरोळे 5,69,825, कदम 2,54,056, फरक 3 लाख 15 हजारांच्या वर. आणि मनसेने याही वेळी उमेदवार दिला होता, त्याला 90 हजारांच्या वर मतं पडली, तरी काही फरक पडला नाही. पाच वर्षांपूर्वी मनसेची मतं भाजपला भारी पडली आणि आता त्याहून जास्त मतं जाऊनही ढिम्म. मतदानही 54 टक्क्यांच्या घरात गेलं. त्या 17 एप्रिलला एक वाईट गोष्टही झाली, हजारो पुणेकरांची नावं मतदार यादीतून गायब होती, वर्षानुवर्षं त्याच केंद्रावर मत देणारी म्हातारी माणसं उन्हात रांग लावून आत गेली आणि नाव नाही म्हणून परत फिरली, लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण कोर्टात गेलं. निकालावर त्याने परिणाम झाला नसता एवढा मोठा फरक होता, पण ज्याचं मत गेलं त्याला फरकाशी काय करायचंय.

2019 ला भाजपने चालू खासदार शिरोळेंना बाजूला ठेवून तिकीट दिलं गिरीश बापटांना. तेच, कसब्याची पोटनिवडणूक हरलेले, 1996 ला कलमाडींकडून हरलेले. मधल्या काळात त्यांनी कसबा लागोपाठ पाच वेळा जिंकला होता, 1995 पासून. सगळ्या पक्षांत मित्र असलेला माणूस, अशी त्यांची ओळख. 6,32,835 मतं, समोर काँग्रेसचे मोहन जोशी 3,08,207. म्हणजे पहिल्या लोकसभा पराभवानंतर 23 वर्षांनी तीच जागा, आणि सव्वातीन लाखांच्या जवळपास फरकाने.

मग पुढचा भाग, जो माझ्या मते प्रत्येक मतदाराला माहीत असायला हवा.

2022 च्या डिसेंबरमध्ये कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक गेल्या. दोन महिन्यांत पोटनिवडणूक लागली. बापट तेव्हा स्वतः खूप आजारी होते, तरी केसरीवाड्यात प्रचाराला आले, व्हीलचेअरवर, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली, बोलताना दम लागत होता. ज्यांनी तो व्हिडिओ बघितला ते विसरणार नाहीत, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. भाजपचे हेमंत रासने हरले, काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जवळपास 11 हजारांनी जिंकले, कारण या वेळी महाविकास आघाडीतले तिन्ही पक्ष एकत्र होते आणि नाराजी भाजपच्या बाजूला होती, टिळक घराण्यात तिकीट दिलं नाही यावरून. परत तेच, फुटलंय कोण. निकाल 2 मार्च 2023 ला लागला आणि 29 मार्चला बापट गेले.

आता लोकसभेची जागा रिकामी. कायदा काय म्हणतो? लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम 151क सांगतं की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. अपवाद दोनच. एक म्हणजे उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर, आणि दुसरा म्हणजे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी बोलून ठरवलं की ठरल्या वेळेत घेणं कठीण आहे. लोकसभेची मुदत जून 2024 पर्यंत होती, म्हणजे एक वर्षाच्या वर शिल्लक होती, पहिला अपवाद लागत नव्हता. आयोगाने दुसरा वापरला: सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत यंत्रणा गुंतलीय, आणि निवडून येणाऱ्याला वेळही फार कमी मिळेल. एका पुणेकराने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. डिसेंबर 2023 मध्ये कोर्टाने आयोगाची कारणं फेटाळली, पुण्यानंतर रिकाम्या झालेल्या जागांवर इतरत्र निवडणुका झाल्या हेही दाखवलं, आणि लगेच पोटनिवडणूक घ्या असा आदेश दिला. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि विषय तिथेच थांबला.

निकाल काय, तर मार्च 2023 ते जून 2024, चौदा महिन्यांच्या वर पुण्याला लोकसभेत कोणी नव्हतं. वीस लाखांच्या आसपास मतदार. मेट्रो, विमानतळ, रेल्वे, नदीकाठ, हे सगळे विषय केंद्राशी जोडलेले, आणि प्रश्न विचारायला बाकावर माणूस नाही. विधानसभेच्या एका जागेसाठी दोन महिन्यांत निवडणूक होते आणि लोकसभेच्या जागेसाठी चौदा महिन्यांत होत नाही, याचा मला तेव्हाही राग होता आणि आजही आहे, हा कोणत्याही पक्षाच्या बाजूचा किंवा विरोधातला राग नाही, खासदार असणं हा आपला हक्क आहे, सोय नाही.

13 मे 2024 ला शेवटी मतदान झालं. भाजपने पुन्हा चेहरा बदलला, माजी महापौर मुरलीधर मोहोळ. काँग्रेसकडून कसबा जिंकलेले धंगेकर, आणि मनसेतून बाहेर पडलेले वसंत मोरे वंचित बहुजन आघाडीकडून. मोहोळ 5,84,728, धंगेकर 4,61,690, मोरे 32 हजारांच्या आसपास. राज्यात महाविकास आघाडीने 30 जागा घेतल्या, भाजप 9 वर आला, आणि पुणे पुन्हा एकदा राज्याच्या उलट गेलं. पण फरक सव्वातीन लाखांवरून 1 लाख 23 हजारांवर आला, हेही तितकंच खरं.

आणि इथे तो नकाशा परत येतो. सहा विधानसभांचे आकडे सुटे करून बघितले तर मोहोळांना सगळ्यात मोठी आघाडी कोथरूडने दिली. धंगेकर पुढे राहिले ते पुणे कॅन्टोन्मेंटमध्ये, जिथे दलित, मुस्लिम, ख्रिश्चन वस्ती मोठी आहे. आणि कसब्यात, जिथले ते स्वतः आमदार होते, तिथे ते मागे पडले. म्हणजे 2009 पर्यंत कोथरूड नावाचा जो मतदारसंघच नव्हता, तो आज एकटा निवडणूक एका बाजूला झुकवतो. भवानी पेठ आणि बोपोडी असलेल्या जुन्या नकाशावर हेच मतदान झालं असतं तर निकाल बदलला असता असं मी म्हणत नाही, पण लढत जास्त अटीतटीची झाली असती असं मला ठामपणे वाटतं. पुढे नोव्हेंबर 2024 ला धंगेकर विधानसभाही हरले, रासनेंनीच कसबा परत घेतला, आणि 2025 ला धंगेकर शिंदेंच्या शिवसेनेत गेले.

भाजपने 2014, 2019, 2024 तिन्ही वेळा जागा जिंकली ती तीन वेगवेगळ्या माणसांना उभं करून. विठ्ठलरावांसारखा एकच माणूस तीनदा, असं झालेलं नाही. चालू खासदाराविषयीची नाराजी नवा चेहरा देऊन धुऊन काढायची, हे त्यांना जमलं, आणि समोर काँग्रेसला एकदाही पाच वर्षं आधीपासून उमेदवार ठरवून त्याला शहरभर फिरवता आलं नाही.

आता पुढचा नकाशा. लोकसभेच्या राज्यनिहाय जागा 1971 च्या लोकसंख्येवर गोठवलेल्या होत्या, आणि 2001 च्या 84 व्या घटनादुरुस्तीने ते 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसंच ठेवलं. जनगणना 2027 ची ठरली. त्यानंतर परिसीमन झालं की हडपसर, वाघोली, सिंहगड रोड, बाणेर इकडची वाढलेली लोकसंख्या धरून पुण्याच्या हद्दी परत आखाव्याच लागतील, आणि माझ्या हडपसरच्या मित्राच्या मशीनवर कदाचित पुण्याची नावं येतील. 2023 ला झालेल्या 106 व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत महिलांना एक तृतीयांश जागा ठेवल्यात, त्यासुद्धा परिसीमनानंतरच लागू होणार आहेत. पुणे त्यात आलं तर 1952 च्या इंदिराबाई मायदेवांनंतर पुण्याची दुसरी बाई लोकसभेत जाईल. तोवर पुढच्या मतदानाआधी एवढं करा, आपलं नाव यादीत आहे का आणि ते कोणत्या विधानसभेत आहे हे एकदा बघून ठेवा, कारण पुण्यात पत्ता पुण्याचा असला म्हणजे मतदारसंघ पुण्याचा असेलच असं नाही.